शेवटचा माहीत असलेला पत्ता

२६,४६१ डॉलर आणि ६५ सेंट. एवढ्याशा रकमेवरून टेक्सास, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा अशी चार राज्यं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भांडत होती. सन ऑइल नावाच्या तेल कंपनीच्या वह्यांत सुमारे १,७३० किरकोळ देणी पडून होती. कुणाची मजुरी, कुणाच्या मालाचे पैसे, कुणाची तेलाच्या हक्कापोटीची रक्कम. काही चेक वटलेच नव्हते, तर काही माणसं पैसे न्यायला फिरकलीच नव्हती. हा पैसा कंपनीनं गिळायचा नाही, याबद्दल दुमत नव्हतं. सांभाळायचा कुणी, यावर वाद होता. टेक्सास म्हणे, वह्या आमच्या हद्दीतल्या कचेऱ्यांत आहेत. न्यू जर्सी म्हणे, कंपनीची नोंदणी आमच्याकडची. पेनसिल्व्हेनिया म्हणे, मुख्य कचेरी आमच्याकडे. फ्लोरिडा मागाहून आत शिरलं आणि साधी गोष्ट म्हणालं: ज्याचे पैसे आहेत त्याचा वहीतला शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याकडे द्या. १९६५ मध्ये न्यायालयानं फ्लोरिडाचं ऐकलं, आणि वहीत पत्ताच नसेल तर कंपनीच्या नोंदणीच्या राज्याकडे, अशी पुस्ती जोडली. वकिलांची बिलं मुद्दलाच्या वर गेली असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

हाच नियम आजही अख्ख्या देशात चालतो. विसरलेलं बँक खातं, न वटवलेला पगाराचा चेक, वीज कंपनीकडचं डिपॉझिट, विम्याची रक्कम, शेअर, लाभांश, लॉकरमधल्या वस्तू. मालकाशी ठरावीक काळ काही संपर्क झाला नाही की कंपनीला हे सगळं राज्य सरकारच्या हवाली करावं लागतं. पगाराला बऱ्याच ठिकाणी एक वर्ष, बाकी गोष्टींना साधारण तीन ते पाच वर्षं. घर-जमीन यात येत नाही. राज्य फक्त राखण करतं. बहुतेक राज्यांत मागणीला मुदत नसते, आणि मालक गेला असेल तर वारसांना मागता येतं. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्याकडे प्रत्येकी दहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम अशी पडून आहे. ही खाती चालवणाऱ्या राज्य अधिकाऱ्यांची एक देशव्यापी संघटना आहे. ती सांगते की दर सात माणसांमागे एकाचं काही ना काही कुठल्यातरी राज्याकडे निघतं.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांत हे प्रमाण याहून बरंच जास्त असावं, असा माझा अंदाज आहे. आकडा माझ्याकडे नाही, पण आम्ही इथे कसे राहिलो ते मी पाहिलं आहे. क्लायंट बदलला की गाव बदललं. आधी कोलंबस, मग ब्लूमिंग्टन, मग हार्टफर्ड, मध्येच बेंटनव्हिल. शुक्रवारी कळायचं की प्रोजेक्ट संपला, सोमवारी दुसऱ्या राज्यात हजर. गाडीत कुकर, पोळपाट-लाटणं, मागच्या सीटवर देव आणि टीव्ही. अपार्टमेंटचं डिपॉझिट, गॅसचं डिपॉझिट, शेवटच्या आठवड्याचा पगार यांच्या मागे लागायला सवड कुणाला होती? पोस्टात पत्ता बदलल्याची चिठ्ठी टाकली तरी पत्रं पुढे धाडायची सोय साधारण वर्षभराची. तोवर तो पुढचा पत्ताही मागे पडलेला. आणि काही वर्षांनी ग्रीन कार्डची रांग सोडून जे पुण्याला परत गेले, त्यांचं तर काही विचारू नका. माझ्या ओळखीचा एक जण बाणेरला राहतो आणि त्याचे पैसे ओहायोत राहतात. त्याला कळवलं तर म्हणाला, ‘राहू दे, तिथे कुणीतरी राहायला हवंच.’

मला या शोधाचा नाद लागला आहे. बरीचशी राज्यं ‘मिसिंगमनी डॉट कॉम’ या साइटवर एकत्र सापडतात. शिवाय प्रत्येक राज्याची स्वतःची साइट असते. शोधायला पैसे पडत नाहीत. खरी कसरत असते ती नावाची. आपलं नाव अमेरिकन फॉर्मच्या चौकटीत कधीच नीट मावत नाही. मधलं नाव बापाचं, ते कुणी पहिल्या नावाला चिकटवतं, कुणी आडनावाच्या जागी टाकतं. बायकांचं तर माहेरचं एक, सासरचं एक, पासपोर्टवरचं तिसरंच. मग मी उलटसुलट करून बघते. आडनाव पहिल्या खान्यात, पहिलं नाव दुसऱ्या. ‘पांडे’तला एक ए गाळून, मग दोन ए घालून. आडनावाचा शेपटाकडचा भाग उडवून, कारण जुन्या संगणकांत लांब आडनावं मध्येच तोडत. अशी तोडलेली एक नोंद सापडली की मला कोण आनंद होतो! समोर नाव येतं, खाली जुना पत्ता, पैसे जमा करणाऱ्या कंपनीचं नाव. काही राज्यं नेमकी रक्कम दाखवतात, काही नुसतंच ‘शंभर डॉलरच्या वर’ असं सांगून उत्सुकता ताणतात.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती आणि महाप्रसाद यांच्या मधल्या वेळात मी वर्गणीच्या टेबलाशेजारी लॅपटॉप उघडून बसते. पहिल्या वर्षी लोक लांबून बघत होते; मी काही विमा-बिमा विकते की काय, असा संशय. मग एका मुलाला त्याच्या विद्यार्थिदशेतल्या बँक खात्याचे पैसे सापडले आणि रांग लागली. त्या रांगेत एक काकू होत्या. ‘अगं, माझं नको बघू, ह्यांचं बघ,’ म्हणाल्या. काका जाऊन काही वर्षं झाली होती.

काकांचं नाव टाकलं, आणि आधीच्या राज्यातल्या पत्त्यावर एक नोंद निघाली. शेअर. काकांनी कधी शेअर घेतलेच नव्हते, असं काकू छातीठोकपणे सांगत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या काही मोठ्या आयुर्विमा कंपन्या पूर्वी विमाधारकांच्याच मालकीच्या असत. २००० मध्ये मेटलाइफनं आणि २००१ मध्ये प्रुडेन्शियलनं ती पद्धत मोडून शेअर बाजारात प्रवेश केला आणि जुन्या विमाधारकांना मालकीच्या बदल्यात शेअर किंवा रोख रक्कम दिली. असं करणाऱ्या कंपन्या आणखीही होत्या. ज्यांनी ऐंशीच्या दशकात पॉलिसी घेतली आणि नंतर घर बदललं, त्यांच्यापैकी पुष्कळांना आपण भागधारक झालो हे कळलंच नाही. काका असेच नकळत भागधारक झाले होते.

पुढचा भाग कागदांचा. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, वारस म्हणून काकूंना हक्क आहे याचा कागद, काकांचा सोशल सिक्युरिटी नंबर, नोटरीसमोर सही. हे सगळं जमलं. अडलं ते एकाच जागी: त्या जुन्या पत्त्यावर हा माणूस राहत होता याचा पुरावा. काकूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत निळ्या एरोग्रॅमचा गठ्ठा, मिरजेहून वडिलांनी लिहिलेली पत्रं. प्रत्येकावर तोच पत्ता, वळणदार इंग्रजी अक्षरात, अपार्टमेंटच्या आकड्यासकट, आणि कोपऱ्यात भारतीय टपालखात्याचा तारखेचा शिक्का. माझ्या मते याहून भक्कम पुरावा शोधून सापडायचा नाही. खोट्या दाव्यासाठी कोण तीस वर्षं आधीपासून मिरजेहून पत्रं पाठवत बसेल? पण राज्याच्या कचेरीला अधिकृत कागद हवा होता. वीजबिल, बँकेचं पत्रक, कराचा कागद. शेवटी त्याच पेटीच्या तळाशी, मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली, काकांच्या नोकरीतला वार्षिक पगार-कराचा एक डब्ल्यू-टू निघाला. त्यावर पत्ता होता. पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता, चालला.

शेअर मात्र मिळाले नाहीत. राज्य शेअर हातात आले की बहुधा ठेवून घेत नाही, विकून टाकतं. कॅलिफोर्नियात तर कायद्यानंच दीड-पावणेदोन वर्षांत विकायचे असतात. मालक उगवला की त्याला विक्रीच्या दिवसाची रक्कम मिळते. नंतर भाव कितीही चढला तरी ती चढती मालकाची नाही. कंपनीतून सवलतीत मिळालेले शेअर जुन्या ब्रोकरच्या खात्यात तसेच ठेवून भारतात परतलेल्या आयटीवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. वर्षातून एकदा त्या खात्यात लॉगिन करणं हाच यावरचा इलाज आहे. शेअर वाढतोय म्हणून मुद्दामच हात लावत नाही, असं म्हणणारे मला भेटतात. हात लावू नका, पण दार तरी वाजवत जा.

राज्याला मालक सापडावा असं मनापासून वाटतं का, हा प्रश्न मला पडतो. उत्तर राज्यागणिक बदलतं. इलिनॉयचं ट्रेझरर कार्यालय बेवारस खात्यांची यादी करखात्याच्या नोंदींशी ताडून बघतं आणि किरकोळ रकमांचे चेक अर्ज न करताच घरी पाठवतं. विस्कॉन्सिनमध्येही असं काही चालतं. म्हणजे ठरवलं तर माणूस सापडतो. करवसुलीसाठी तो दरवर्षी सापडतोच की! आणि दुसरं टोक म्हणजे डेलावेअर. चिमुकलं राज्य, पण असंख्य कंपन्यांची नोंदणी तिथली. त्यामुळे पत्ता नसलेला पैसा त्या १९६५ च्या पुस्तीप्रमाणे वाहत तिकडे जातो. हा ओघ डेलावेअरच्या अर्थसंकल्पातल्या मोठ्या मिळकतींपैकी एक आहे. ज्याचं अंदाजपत्रक तुमच्या विसरण्यावर बेतलेलं आहे, तो तुम्हाला शोधायला कंदील घेऊन निघेल कशाला? २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मनीग्राम या पैसे पाठवण्याच्या धंद्यातल्या कंपनीच्या न वटलेल्या काही चेकांबाबत डेलावेअरच्या विरोधात एकमतानं निकाल दिला. असे चेक विकत घेणाऱ्यांचे पत्ते कंपनी ठेवत नसे, म्हणून पैसा डेलावेअरला जाई. न्यायालय म्हणालं, चेक ज्या राज्यात विकला त्या राज्याला द्या. सन ऑइलच्या वेळी हजारांची गोष्ट होती, या खेपेला कोट्यवधी डॉलर होते.

या सगळ्यात मध्यस्थांचंही फावतं. ‘तुमच्या नावावर रक्कम आहे, शोधून देऊ, टक्के आमचे’ अशी पत्रं येतात. धंदा बेकायदा नाही, कॅलिफोर्नियानं त्यांची फी दहा टक्क्यांवर बांधली आहे. पण जे काम तुम्ही चहा थंड व्हायच्या आत स्वतः करू शकता, त्याला दहा टक्के का द्यायचे? आणि ‘आधी फी भरा, मग पैसे सोडतो’ असा राज्याच्या नावानं मेसेज आला तर तो सरळ पुसून टाकावा. दावा करायला राज्य पैसे घेत नाही.

आता थोडं मुंबईकडे. राज्य सरकारनं बेवारस पैसा ताब्यात घेण्याची कल्पना मला अमेरिकन वाटायची. नंतर कळलं की माझ्या आजोबांच्या गिरणीपर्यंत ती केव्हाच पोचली होती. १९५३ मध्ये मुंबई राज्यानं कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगाराला न पोचलेली देणी तीन वर्षं पडून राहिली, की मालकानं ती या निधीत भरायची. गिरण्यांकडे असा पैसा साचणं अगदी साहजिक होतं. बदली कामगार आज या गिरणीत, उद्या त्या. भातलावणीला कोकणात गेलेला माणूस परत येईलच असं नाही. आला तरी दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली. पत्ता म्हणावा तर चाळीचं नाव आणि ‘केअर ऑफ’ गाववाला. एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीनं झोपायचे, तिथे पत्ता कसला?

बॉम्बे डाइंगनं या कायद्याला आव्हान दिलं. १९५७ च्या अखेरीस भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं न पोचलेल्या पगाराचं ते कलम रद्द ठरवलं. त्या निकालात अमेरिकेतल्या राज्यांच्या अशाच कायद्यांची चर्चा आहे, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की तिथलं राज्य मालकासाठी पैसा राखतं, नोटीस काढतं, मागायची वाट ठेवतं. इथे राज्यानं पैसा घेतला, पण कामगाराला तो परत मागायची सोय नाही, आणि मालकाच्या डोक्यावरचं देणंही फिटत नाही. १९६१ मध्ये कायदा दुरुस्त झाला. गिरणीच्या फलकावर आणि लोकांच्या भाषेतल्या वर्तमानपत्रांत नोटीस लावायची, दाव्याला चार वर्षं. तोवर कुणी आलं नाही तर रक्कम राज्याची, आणि राज्यामार्फत कल्याण निधीची. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हा पैसा राज्याच्या सर्वसाधारण खर्चात मिसळतो. इथे निदान तो कामगारांसाठीच वापरायचा, हे मला जास्त पटतं. चार वर्षांची मुदत मात्र पटत नाही. गिरणीच्या फाटकावरची नोटीस वाचायला माणूस फाटकापाशी यायला हवा ना? तो तर देवगडच्या पुढे कुठल्यातरी वाडीत.

त्या निधीतून आणि कामगार-मालकांच्या वर्गणीतून कामगार कल्याण मंडळाची केंद्रं चालली. वाचनालयं, नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा, शिवणवर्ग. माझी आई परळच्या बाजूच्या एका केंद्रात शिवण शिकली. झबली, परकर, मग ब्लाउज. बेतायला वर्तमानपत्राचा कागद, खडूऐवजी साबणाची चिपटी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आजोबांचा पगार थांबला, तेव्हा चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून तिनं घर चालवायला हातभार लावला. तिच्या शिवणवर्गाच्या मास्तरीणबाईंच्या पगारात कुणा बदलीवाल्याच्या न नेलेल्या दिवसांची मजुरी किती होती, हे कुणी सांगू शकणार नाही. मी आईला फोनवर हा सगळा कायदा समजावून सांगितला. ती म्हणाली, ‘मग त्याचं एक झबलं शिवून द्यायला हवं होतं गं, फुकट शिकले की मी.’

भारतात बँकेतल्या पैशांचं वेगळं आहे. तिथे राज्य सरकार येत नाही. दहा वर्षं ज्यावर कुणी दावा केला नाही अशी ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि तरीही ती आपापल्या बँकेतूनच कधीही परत मागता येते. ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर अनेक बँकांमधल्या अशा ठेवी एका जागी शोधता येतात. नाव टाकायचं, सोबत पॅन किंवा जन्मतारीख वगैरे. आईवडिलांचं, आत्यांचं, अविवाहित काकांचं नाव टाकून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी कुणाला न सांगता केलेल्या ठेवी हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

आमच्या मंडळाचीच गोष्ट सांगायची राहिली. गंमत म्हणून मी एकदा मंडळाचंच नाव टाकलं. काही नाही. मग ‘मराठी’तला एच गाळला, आणि बाई गं! नाटकाच्या प्रयोगासाठी फार पूर्वी घेतलेल्या कुठल्याशा हॉलचं डिपॉझिट, ‘शंभर डॉलरच्या वर’, तेव्हाच्या खजिनदाराच्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर. खजिनदार केव्हाच पुण्याला परतलेले. व्हॉट्सॲपवर विचारलं तर म्हणाले, ‘तो चेक मी अध्यक्षांकडे दिला होता.’ तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, ‘असेल, पण कुठला चेक?’

राज्याला हवंय ते असं: मंडळाचा कर-क्रमांक, दावा करणारी व्यक्ती मंडळाची अधिकृत पदाधिकारी असल्याचा ठराव, आणि त्या काळी मंडळाचा पत्ता तोच होता याचा कागद. त्या वर्षीचं इतिवृत्त कुणाकडे आहे हे अजून कळलेलं नाही. ते तेव्हाच्या सचिवांच्या तळघरात असून तळघरात पाणी शिरलं होतं, असा एक पक्ष आहे. इतिवृत्त लिहिलंच गेलं नव्हतं, असा दुसरा. दरम्यान रक्कम कशी खर्च करायची यावर कार्यकारिणीत जोरदार चर्चा झाली. ढोल-ताशा पथकाला नवे ताशे, की वाचनालयाला कपाट, की ज्येष्ठांसाठी सहल. सहलीवरून दोघांचं बोलणं बंद झालं. दावा कुणी दाखल करायचा हे मात्र ठरलं नाही, कारण सही करणाऱ्याचा घरचा पत्ता फॉर्मवर लागतो आणि आमचे सध्याचे खजिनदार पुढच्या महिन्यात डॅलसला चाललेत. तूर्त हा मुद्दा पुढच्या सभेच्या ‘आयत्या वेळचे विषय’ यात टाकला आहे.